कलेच्या संकल्पना आणि बालकाचे हात : मार्कंडा परिसराच्या संदर्भात काही विचार

१

प्राथमिक शाळेच्या वेळापत्रकात चित्रकलेचा तास असतो. परंतु त्या तासात कलेची एखादी संकल्पना शिकविली जाते, असे क्वचितच म्हणता येईल. फळ्यावर काढलेला आंबा वहीत उतरविणे, छापील बाह्यरेषेत रंग भरणे, आणि रंग रेषेबाहेर गेला नाही म्हणून शाबासकी मिळविणे, असे त्या तासाचे सर्वसाधारण स्वरूप असते. सममिती, लय, तोल, पोत, उठाव, अवकाश हे शब्द विद्यार्थ्याच्या कानावर पडतात ते पुढे, बहुधा रेखाकला-परीक्षेच्या निमित्ताने. आणि तेही व्याख्येच्या रूपाने. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र अशा विभागांची तयारी करणाऱ्या मुलास ‘संकल्पचित्र सममित असावे’ हा नियम पाठ असतो. पण सममिती नसूनही एखादी आकृती तोललेली का वाटते, असे विचारले असता तो निरुत्तर होतो. शब्द हाती आला आहे, वस्तू आलेली नाही, अशी ही अवस्था होय.

ह्या अवस्थेचे मूळ काही अंशी इतिहासात आहे. १८५७ मध्ये मुंबईस सर जे. जे. कलाशाळा सुरू झाली. तेथून पसरलेल्या चित्रशिक्षणात हुबेहूब नकलेला आणि मोजमापाच्या अचूकतेला मोठे स्थान होते. कारागीर व आरेखक तयार करण्याच्या दृष्टीने ते सयुक्तिक होते. परंतु तीच पद्धती सहा-सात वर्षांच्या मुलांपर्यंत खाली झिरपली, तेव्हा साधनाचे साध्य झाले. नक्कल उत्तम करणारा मुलगा ‘चित्रकलेत हुशार’ आणि न करणारा ‘हात नसलेला’, असे दोन वर्ग पडले. दुसऱ्या वर्गातील बहुसंख्य मुलांचा कलेशी असलेला संबंध तेथेच संपतो.

प्रस्तुत लेखात ज्या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे तो असा : सुमारे पाच ते नऊ वर्षे वयाच्या मुलांना कलेच्या मूलभूत संकल्पना पारिभाषिक शब्दांच्या आधी, हाताने करावयाच्या वर्गकार्यातून देता येतील काय, आणि येत असतील, तर त्या कार्यात भाषेचे स्थान कोणते? विवेचनाला एक निश्चित भूमी असावी, म्हणून गडचिरोली जिल्ह्याच्या चामोर्शी तालुक्यातील मार्कंडा हे स्थान डोळ्यांपुढे ठेवले आहे.

२

मार्कंडा वैनगंगेच्या डाव्या तीरावर वसलेले आहे. दक्षिणेकडे वाहणारी ही नदी येथे वळण घेऊन उत्तरवाहिनी होते आणि त्यामुळे स्थानाला तीर्थाचे महत्त्व आले आहे. महाशिवरात्रीस येथे मोठी यात्रा भरते. हा सारा प्रदेश पूर्वी चांदा, म्हणजेच चंद्रपूर जिल्ह्यात मोडत असे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली हा वेगळा जिल्हा झाला आणि वैनगंगा ही बऱ्याच अंतरापर्यंत दोन्ही जिल्ह्यांची सीमा ठरली.

नदीकाठच्या प्राकारात नागर शैलीच्या मंदिरांचा एक समूह उभा आहे. अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी १८७३-७४ च्या मध्य प्रांतांतील दौऱ्यात ह्या समूहाची पाहणी केली व त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. समूहातील कित्येक लहान देवळे आज मोडकळीस आलेली किंवा नामशेष झालेली आहेत. मुख्य मंदिर मार्कंडेश्वराचे. त्यावर वीज पडून शिखराचा भाग कोसळला आणि पुढे त्याची ओबडधोबड डागडुजी झाली, अशी हकीकत जुन्या वृत्तांतांत नमूद आहे. मंदिराच्या बाह्य भिंतींवर एकावर एक अशा ओळींनी देवदेवता, सुरसुंदरी आणि व्याल यांची शिल्पे आहेत. भिंत सपाट नाही. ती ठरावीक अंतराने पुढे येते आणि मागे सरते, त्यामुळे दिवसभर तिच्यावर ऊन-सावलीचा खेळ चालू असतो.

कलाशिक्षणाच्या दृष्टीने ह्या वर्णनात एक महत्त्वाची गोष्ट आहे. बा. सी. मर्ढेकर यांनी आपल्या सौंदर्यविचारात लयीची संवाद, विरोध आणि समतोल अशी तीन तत्त्वे मांडली. ‘सौंदर्य आणि साहित्य’ हा त्यांचा ग्रंथ १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला असून पदव्युत्तर वर्गांना तो अपरिचित नाही. हीच तीन तत्त्वे मार्कंड्याच्या भिंतीवर, ग्रंथ न वाचताही, दिसू शकतात : पुन्हा पुन्हा येणाऱ्या आडव्या थरांत संवाद, पुढे आलेल्या आणि मागे सरलेल्या भागांत विरोध, आणि मध्यभागाच्या दोन्ही बाजूंस भार सारखा वाटून देण्यात समतोल. प्रश्न एवढाच की, सात वर्षांच्या मुलाला ती दिसावीत कशी? यात्रेच्या दिवशी ते मूल त्या भिंतीला वळसा घालून जाते आणि त्याच्या नजरेला ‘पुष्कळ देव’ एवढेच पडते.

३

संकल्पना मुलाच्या मनात कशी घडते, ह्याविषयी विसाव्या शतकातील मानसशास्त्राने जे सांगितले आहे त्यातील दोन विचार येथे उपयोगी आहेत. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह विगॉट्स्की यांनी १९३४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात मुलाच्या दैनंदिन अनुभवातून उगवणाऱ्या संकल्पना आणि शाळेतून मिळणाऱ्या शास्त्रीय संकल्पना असा भेद केला. पहिल्या खालून वर वाढतात, दुसऱ्या वरून खाली उतरतात. आणि दोहोंची गाठ पडेल तेव्हाच ज्ञान पक्के होते. केवळ वरून उतरलेली संकल्पना पोकळ शब्द होऊन बसते, तर केवळ खालची संकल्पना प्रसंगाला चिकटून राहते. दुसरा विचार जेरोम ब्रूनर यांचा. १९६६ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी ज्ञानाच्या प्रतिरूपणाच्या तीन रीती सांगितल्या : कृतीची, प्रतिमेची आणि चिन्हाची. हात आधी जाणतो, मग डोळा, आणि सरतेशेवटी शब्द, असे त्याचे ढोबळ तात्पर्य सांगता येईल. शाळेतील चित्रकलेचा तास बहुधा तिसऱ्या रीतीपासून आरंभ करतो आणि पहिलीकडे येतच नाही.

हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. जर्मनीत फ्रेबेल यांनी १८३७ पासून लाकडी घन, गोल, विणावयाच्या पट्ट्या आणि माती यांच्या द्वारे बालशिक्षणाचा जो पाया घातला, त्याचे भारतीय रूप येथे अनेकांनी घडविले. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी येथे आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी जे कार्य केले, त्यात विकतच्या शैक्षणिक साधनांऐवजी पाने, बिया, शिंपले, खडे आणि माती ह्यांना साधनांचा दर्जा मिळाला. विदर्भात तर ह्याहून मोठा प्रयोग झाला. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षणपरिषदेनंतर डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने हस्तोद्योगाला शिक्षणाचे केंद्र मानणारी योजना तयार केली. तीच ‘नई तालीम’ होय. शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्याजवळ शिकलेले देवीप्रसाद १९४४ मध्ये सेवाग्रामास आले आणि १९६२ पर्यंत तेथे मुलांबरोबर चित्र व मातीकाम करीत राहिले. मुलाची कला ही प्रौढाच्या कलेची अपुरी नक्कल नसून तिला स्वतःची वाढ व स्वतःचे नियम आहेत, हा विचार त्यांच्या लेखनातून सातत्याने आढळतो.

नई तालीमच्या इतिहासातून एक इशाराही घ्यावयास हवा. हस्तोद्योग हे शिक्षणाचे माध्यम राहिले तोवर त्यातून ज्ञान निपजले. जेथे सुताचे वजन आणि उत्पन्नाचा हिशेब हीच कसोटी झाली, तेथे माध्यमाचे ओझे झाले. कलेच्या वर्गकार्यातही हाच धोका आहे. प्रदर्शनात मांडण्याजोगी वस्तू तयार होणे हे यश मानले, की शिक्षक स्वतःच वस्तू ‘सुधारू’ लागतो आणि मूल बाजूला पडते.

४

भाषेच्या अभ्यासकास ह्या प्रश्नात विशेष रस वाटावा, असे आणखी एक कारण आहे. कलेच्या मराठी परिभाषेतील बरेच शब्द मुलाच्या बोलीत आधीच असतात, परंतु निराळ्या अर्थाने. ‘लय’ ह्या शब्दाचा ग्रामीण बोलीतील अर्थ ‘पुष्कळ’ असा आहे. ‘अवकाश’ म्हणजे वेळ. ‘बस यायला अजून अवकाश आहे’ असे मोठी माणसे म्हणतात. ‘उठाव’ इतिहासाच्या पुस्तकात भेटतो, आणि तोही १८५७ सालाबरोबर. ‘घाट’ म्हणजे नदीच्या पायऱ्या किंवा डोंगरातील रस्ता. भांड्याचा घाट हा अर्थ ज्या घरी मातीची भांडी घडतात तेथेच जिवंत असतो. ‘सममिती’ मात्र कोणत्याच अर्थाने ठाऊक नसते. अशा स्थितीत शब्दापासून आरंभ केला, तर मूल आपल्याजवळचा अर्थ त्याला चिकटविते आणि शिक्षकाला त्याचा पत्ताही लागत नाही.

येथे शब्दांचे तीन स्तर मानणे सोयीचे होईल. पहिला स्तर कृतीच्या शब्दांचा : दुमडणे, चेपणे, खरवडणे, ओवणे, ‘दोन्हीकडे सारखे’, ‘एक सोडून एक’. दुसरा स्तर कारागिराच्या शब्दांचा : थर, घाट, पोत, उठाव, साचा, ठसा, ताणा-बाणा, नक्षी. तिसरा स्तर ग्रंथाच्या शब्दांचा : सममिती, आवर्तन, अवकाश, आकृतिबंध. शाळा पहिल्या स्तराला अशुद्ध किंवा बालिश समजते आणि तिसऱ्याला ज्ञान समजते. मधल्याकडे तिचे लक्षच जात नाही. वास्तविक हा मधला स्तर म्हणजे दोहोंमधील पूल आहे. ‘पोत’ हा शब्द कापड चाचपणाऱ्या बोटांतून आलेला आहे आणि तरीही तो समीक्षेच्या ग्रंथात मानाने वावरतो. ‘थर’ हा शब्द विटांच्या भिंतीलाही लागतो आणि मंदिरशास्त्रातील गजथर, अश्वथर, नरथर ह्या संज्ञांतही बसतो. जेथे असा शब्द उपलब्ध आहे तेथे अध्यापनाचा मार्ग त्यावरूनच जावा.

५

आता प्रत्यक्ष वर्गकार्याचा विचार करू. पुढील योजनांना लागणारे साहित्य मार्कंड्याच्या पंचक्रोशीत सहज मिळण्याजोगे आहे : नदीकाठची चिकणमाती, पळसाची पाने, बांबूच्या कामट्या किंवा त्यांच्या अभावी जुन्या कागदाच्या पट्ट्या, हळद, कोळसा, गेरू.

(अ) थर. वर्गाचे गट पाडून प्रत्येक गटास सारख्याच लांबी-रुंदीची मातीची एक पट्टी करावयास द्यावी. एका गटाने पट्टीभर हत्ती करावेत, दुसऱ्याने घोडे, तिसऱ्याने माणसे, चौथ्याने नुसती पाने. पट्ट्या वाळल्यावर त्या एकावर एक मांडावयाच्या. खाली कोणती ठेवावी, ह्यावर मुलांना वाद घालू द्यावा. हत्ती जड, म्हणून तो खाली, असे एखाद्या मुलाला वाटले तर त्यात नवल नाही. वास्तुपरंपरेतही गजथर खाली, त्यावर अश्वथर आणि त्यावर नरथर असा क्रम आढळतो. हा क्रम सर्व मंदिरांत एकसारखा नसतो. म्हणून नंतर मंदिराच्या भेटीत मुलांनी भिंतीवरील ओळी स्वतः मोजाव्यात आणि कोणत्या ओळीत काय आहे ते सांगावे. ज्याने पट्टी केली आहे, त्याला भिंतीत पट्ट्या दिसू लागतात. ‘पुष्कळ देव’ ही अवस्था येथे प्रथम मोडते.

(आ) उठाव. मातीच्या सपाट वडीवर एकच पान तीन प्रकारे करावयाचे : टोकदार काडीने नुसती रेघ कोरून, वेगळी माती वर चढवून, आणि पानाभोवतालची माती खरवडून काढून. तिन्ही वड्या अंधाऱ्या कोपऱ्यात मांडून कंदील किंवा विजेरी आधी समोरून, मग बाजूने धरावी. समोरच्या उजेडात तिन्ही पाने सपाट दिसतात. बाजूच्या उजेडात सावल्या उमटतात आणि पान वर येते. उठाव म्हणजे मातीची उंची आणि तिरकस उजेड ह्या दोहोंचे मिळून झालेले कार्य होय, ही गोष्ट व्याख्येने सांगून पटत नाही. एका संध्याकाळच्या प्रयोगाने पटते. त्याबरोबरच दुसरा प्रश्न विचारावा : दगडावर ह्या तीनपैकी कोणते करता येणार नाही? माती चढविता येते, दगड चढविता येत नाही. शिल्पकाराने जे उरविले तेच शिल्प, हे मुलांच्या ध्यानी येते आणि चूक झाली तर परत भरता येत नाही, हेही येते. कारागिराविषयीचा आदर उपदेशाने निर्माण होत नाही. त्याला कोणती अडचण होती हे कळल्याने होतो.

(इ) सममिती आणि फेरा. कागदाची घडी घालून कापलेली आकृती उलगडली असता दोन्ही बाजू एकमेकींच्या आरशातील प्रतिमा असतात. पत्रावळीत मात्र पाने मध्याभोवती फिरत जातात. पत्रावळ थोडी फिरवली तरी ती जवळपास तशीच दिसते. मुले दोन्हींना ‘सारखे’ असाच एक शब्द वापरतात. शिक्षकाने तो खोडू नये. ‘घडी घालून सारखे की फिरवून सारखे?’ एवढेच विचारावे. रांगोळी, बैलगाडीचे चाक, फुलपाखरू, सूप, टोपलीचा तळ ह्या वस्तू मुलांनी दोन ढिगांत लावाव्यात. काही वस्तू दोन्ही ढिगांत बसतात आणि काही कोणत्याच ढिगात बसत नाहीत, हे त्यांना आढळून येईल. तेच खरे शिक्षण होय. भूमितीतील दोन प्रकारच्या सममितीचा भेद मुलांनी ह्यायोगे नावाविना आत्मसात केलेला असतो.

(ई) तोल. सममिती आली की तोल आला, हा समज पुढील वयात फार चिवट ठरतो. म्हणून त्याचा निरास लवकर करावा. एका काठीस मध्यभागी दोरी बांधून दोन्ही टोकांना सारखे दगड लटकवावेत. मग एका बाजूस मोठा व दुसऱ्या बाजूस लहान दगड लावून काठी आडवी राहील असे स्थान मुलांनी शोधावे. मोठा दगड दोरीजवळ येतो, लहान दूर जातो. त्यानंतर मुलांनी एका पायावर भार देऊन उभे राहावे व दुसरा गुडघा किंचित वाकवावा. कंबर एकीकडे जाते, खांदा दुसरीकडे, आणि मान परत पहिल्या बाजूस वळते. म्हणजेच त्यांचे शरीर शिल्पशास्त्रातील त्रिभंगाकडे आपोआप झुकते. भिंतीवरील सुरसुंदरी अशी वाकडी का उभी आहे, ह्या प्रश्नाचे उत्तर मुलाला स्वतःच्या कमरेत सापडते. मंदिराची भिंत सममितीने तोललेली आणि तिच्यावरील मूर्ती सममितीविना तोललेली, हा सूक्ष्म भेद इतक्या साध्या साधनांनी दाखविता येतो.

(उ) आवर्तन. चटईच्या विणीत ‘एक वर, एक खाली’ हा नियम पाळला असता चौकटी दिसतात. ‘दोन वर, दोन खाली’ असा नियम घेऊन प्रत्येक ओळीस एका घराने सरकत गेले, तर तिरप्या रेघा उमटतात. तिरपी रेघ कोणी विणलेली नसते. विणलेल्या असतात त्या फक्त आडव्या-उभ्या पट्ट्या. नियमाच्या पुनरावृत्तीतून नियमात नसलेली आकृती निर्माण होते, हा अनुभव लय ह्या संकल्पनेचे बीज आहे. एखादी ओळ चुकली की सारी नक्षी तुटते, आणि चूक कोणत्या ओळीत आहे हे मूल स्वतः शोधून काढते. परिसरातील बांबूकाम करणाऱ्या कारागिरांस वर्गात बोलावून त्यांच्या विणीचे शब्द मुलांनी ऐकावेत. घरचा किंवा शेजारचा माणूस शाळेत शिक्षक म्हणून येतो, ह्याचे मूल्य केवळ कलेपुरते नाही.

(ऊ) अवकाश. रंगीत कागदातून पान कापून काढल्यावर पानही जपावे आणि कागदातील पानाच्या आकाराचे भोकही जपावे. दोन्ही शेजारी चिकटवावीत. ‘कोणते पान खरे?’ हा प्रश्न मुलांना विनोदी वाटतो. पण ‘उरलेल्या जागेलाही आकार असतो’ हे ज्ञान त्यातूनच येते. दोन मूर्तींमधील रिकामी सांद किंवा खांबांमधील मोकळी जागा ह्यांचे रेखाटन पुढे ह्याच तत्त्वावर करता येते : मूर्ती काढावयाची नाही, तिच्याभोवतीचे आभाळ काढावयाचे.

(ए) रंग. हळदीच्या पाण्यात चुन्याची निवळी पडताच पिवळा रंग लाल होतो. पळसफुलांच्या काढ्यातून नारिंगी-पिवळा रंग निघतो. चुना शिक्षकानेच हाताळावा, मुलांच्या हाती देऊ नये. रंग ही वस्तूला चिकटलेली गोष्ट नसून घडणारी व बदलणारी गोष्ट आहे, एवढे ह्या वयात पुरे. रंगांच्या नावांविषयी मात्र सावध असावे. जगातील अनेक भाषांत हिरवा आणि निळा यांना एकच शब्द आहे. भाषेगणिक रंगांच्या सीमा बदलतात. मूल एखाद्या छटेस शिक्षकास अपेक्षित नसलेले नाव देते तेव्हा त्याचा डोळा चुकलेला नसतो, त्याच्या घरच्या भाषेने सीमा दुसरीकडे आखलेली असण्याचा संभव असतो.

६

हा शेवटचा मुद्दा गडचिरोलीच्या शाळांत विशेष महत्त्वाचा आहे. ह्या जिल्ह्यात मराठीची झाडीबोली बोलली जाते. गोंडी आणि माडिया बोलणारी मुले मोठ्या संख्येने आहेत. दक्षिणेस सिरोंच्याकडे तेलुगू आहे. चामोर्शी व मुलचेरा भागांत निर्वासित म्हणून येऊन वसलेल्या बंगाली कुटुंबांची वस्ती आहे. गोंडी ही द्राविड कुळातील भाषा असून मराठीशी तिचे नाते शेजाराचे आहे, जन्माचे नाही. अशा वर्गात संस्कृतप्रचुर व्याख्येने आरंभ करणे म्हणजे अर्ध्या मुलांना दाराबाहेर ठेवणे होय.

वर्गकार्याचा मोठा गुण असा की, त्यात मुलाची समज भाषेआधी दृग्गोचर होते. गोंडी बोलणारी मुलगी मराठीत एक वाक्यही नीट बोलत नसेल. पण तिने विणीत चुकलेली ओळ बोटाने दाखविली, तर आवर्तनाची संकल्पना तिला आली आहे ह्याविषयी शंका उरत नाही. परंतु ह्यावरून भाषेवाचून चालेल असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. नाव न मिळालेली संकल्पना त्या वस्तूपाशीच राहते, दुसऱ्या वस्तूकडे जात नाही. म्हणून प्रत्येक कार्याच्या शेवटी ‘ह्याला तुमच्या घरी काय म्हणतात?’ हा प्रश्न अवश्य विचारावा, मिळालेले सारे शब्द देवनागरीत भिंतीवर लिहावेत, आणि त्यांच्या शेजारी कारागिराचा मराठी शब्द लिहावा. ग्रंथातील संज्ञा त्या यादीत सर्वांत शेवटी यावी. ‘ण’च्या जागी ‘न’ उच्चारणाऱ्या झाडीबोलीतील मुलाला त्या घटकेस शुद्धोच्चार शिकविणे म्हणजे विणीचा धागा मध्येच तोडणे होय. त्याला दुसरा तास आहे.

संकल्पना आली की नाही हे ओळखण्याच्या तीन खुणा सांगता येतील. मूल तीच गोष्ट न शिकविलेल्या वस्तूत दाखवू शकते. मुद्दाम नियम मोडून ‘हे तसे नाही’ असे उदाहरण तयार करू शकते. आणि आपल्या शब्दांत दुसऱ्या मुलाला समजावू शकते. ह्या तिन्हींत वस्तूच्या सुबकतेला स्थान नाही. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल ओढीत नेणारे मूल मातीचा बैल करते तेव्हा त्याला कदाचित एका बाजूने पाहूनही दोन्ही शिंगे, दोन्ही डोळे आणि चारही पाय दाखवावेसे वाटतात. फ्रेंच अभ्यासक ल्यूके यांनी १९२७ मध्येच दाखवून दिले की, ह्या वयात मूल जे दिसते ते न काढता जे ठाऊक आहे ते काढते. ती उणीव नव्हे. ती त्या वयाची तर्कपद्धती होय.

७

ह्या पद्धतीवर आक्षेप घेता येतील. वेळ लागतो, हा पहिला. तो खरा आहे. परंतु सात संकल्पनांना सात आठवडे दिले तरी वर्षाचा बराच भाग शिल्लक राहतो आणि भूमिती, परिसर व भाषा ह्या विषयांचे काही काम त्यातच होऊन जाते. शिक्षक चित्रकार नसतो, हा दुसरा. येथे चित्रकार असण्यापेक्षा प्रश्न विचारता येणे अधिक आवश्यक आहे. किंबहुना ज्याचा हात फार सफाईदार आहे, त्याला मुलांच्या कामात हात न घालणे जड जाते. तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. हाताने करण्याची सवय लागलेली मुले मंदिरात गेल्यावर दगडालाही हात लावतील, ठसे घेतील. मार्कंड्याची मंदिरे संरक्षित स्मारक आहेत आणि अशा स्मारकांना १९५८ च्या कायद्याचे संरक्षण आहे. म्हणून करणे वर्गात आणि पाहणे मंदिरात, ही विभागणी शिक्षकाने पहिल्या दिवसापासून कटाक्षाने पाळावी. मातीत एक पान उठवावयास किती वेळ लागला, हे ज्या मुलाच्या बोटांना ठाऊक आहे, त्याला हा नियम समजावणे तुलनेने सोपे जाते.

ह्या साऱ्या विवेचनामागे केवळ अध्यापनतंत्राचा प्रश्न नाही. मार्कंड्याच्या समूहातील देवळे शतकानुशतके ढासळत आली आहेत. जो दगड निखळून पडला तो कोणत्या थरातील, त्याच्या जोडीचा दुसरा कोठे आहे, हे ओळखणारी नजर परिसरातच असावयास हवी. पुरातत्त्वज्ञ येतात, नोंद करतात आणि परत जातात. त्या भिंतींच्या शेजारी आयुष्यभर राहणार ती ही मुले. त्यांना आज ‘सममिती’ हा शब्द लिहिता आला नाही तरी फारसे बिघडत नाही; तो पुढच्या इयत्तेत येईल. परंतु थर कसा बसतो, उठाव कसा निघतो आणि एका दगडाच्या जाण्याने ओळ कशी तुटते, हे त्यांच्या हातांना ह्याच वयात कळले नाही, तर पुढे शब्द येऊनही त्यांना भिंतीत काही दिसेलच अशी खात्री देता येत नाही. प्राथमिक शाळेतील कलेच्या तासाची योजना करताना शिक्षणशास्त्र आणि भाषाशास्त्र ह्या दोहोंच्या अभ्यासकांनी एकत्र बसावे ते ह्यासाठी.